न रडलेली साधना

आमच्या वलगावात साधनाकडे ब्लाऊज शिवायला टाकायचं तर मापाचं ब्लाऊज सोबत न्यावंच लागतं. टेप तिच्या गळ्यात असते, पण ती कुणाच्या अंगाला लावत नाही. "मापाचं आणा, मंगच," एवढं बोलून मशीनकडे वळते. बाया नावं ठेवायच्या आणि तिच्याकडेच जायच्या, कारण तिनं शिवलेलं कधी उसवावं लागत नसे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तिच्या शेजारी भाड्यानं राहते. मलाही तिनं असंच हात हलवत परत पाठवलं होतं. मी फणफणत घरी आले आणि मुकाट्यानं जुनं ब्लाऊज शोधलं.

गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं खातं तिच्या नवऱ्याकडे होतं. प्रफुल्ल बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. लग्नकार्यात बँड जवळ आला की "हिचं डोकं दुखून राहिलं" म्हणत तो साधनाला हळूच बाहेर काढायचा. घरात मिक्सर लावायच्या आधी ओरडायचा, "लावतो बरं!" साधना कानांवर हात ठेवायची, मगच तो बटण दाबायचा. भिंतीपलीकडून हे ऐकताना मला हसू यायचं आणि, खरं सांगायचं तर, हेवाही वाटायचा.

मागच्या उन्हाळ्यात दुकानातच प्रफुल्लच्या छातीत कळ आली. अमरावतीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्याकडे मयतीनंतर बाया बसायला येतात त्या दारातूनच हेल काढत. घरातल्या बाईच्या गळ्यात पडायचं, तिनंही गळ्यात पडून रडायचं. साधना भिंतीला पाठ लावून बसली होती, डोळे कोरडे ठक्क. पहिली बाई अंगावर कोसळली तेव्हा ती नुसती आक्रसली. मग प्रफुल्लची चुलती चंदाकाकू पडली, तिला मात्र साधनानं दोन्ही हातांनी ढकललं. काकू धप्पकन मागे बसली आणि रडणारं घर एकदम गप्प झालं. बाहेर साधनाची लेक आचल, सातवीतली, आलेल्यांच्या चपला जोडीजोडीनं लावत होती. तीही रडली नव्हती. पण पोरगी कामाची आहे म्हणून तिचं कौतुक झालं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सुतकातच साधनाच्या घरातून मशीनचा आवाज येऊ लागला. एका नवरीचे ब्लाऊज द्यायची तारीख तिनं आधी दिली होती. तिनं ते शिवले, इस्त्री केली आणि स्वतः नेऊन दिले. कपाळ नुकतंच पुसलेल्या बाईनं सुतकात शिवलेले लग्नाचे ब्लाऊज! नवरीच्या आईनं ते अंगणात भिरकावले. "नवरा मेला त्याचं काहीच नाही हिले. दगड हाय दगड!"

हा शब्द गावभर झाला. साधनाला त्यातलं इतकंच कळलं की आपल्या कामात काहीतरी खोट निघाली. घरी आणून ती त्या ब्लाऊजांची शिवण उलटसुलट करून तपासत राहिली. गिऱ्हाईक तुटलं. मला गावाचा इतका संताप आला होता की त्या नवरीच्या लग्नाला मी गेले नाही. त्यानं कुणाचं काय बिघडलं म्हणा.

माझ्या संतापाचं कारण, गावाला न दिसलेली एक गोष्ट मी पाहिली होती. साधनानं मिक्सर फडक्यात बांधून माळ्यावर टाकला होता आणि चटणी पाट्यावर वाटत होती. "काहून वं?" मी विचारलं. ती म्हणाली, "लावतो बरं म्हननारा नाही ना आता."

दिवाळीनंतर आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. स्वमग्न मुलं कशी ओळखायची, यावर एक सर बोलत होते. कुणी अंगाला हात लावलेला सोसत नाही, मोठा आवाज सोसत नाही, मनातलं चेहऱ्यावर येत नाही. बाकीच्या शिक्षिका आपापल्या वर्गातली मुलं आठवत होत्या. मला साधनाच दिसत होती.

मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांना दाखवू म्हटलं. मशीन थांबवून तिनं ऐकलं, मग विचारलं, "मंग मले दुःख झालं का नाही, थे डॉक्टर सांगन का?"

"म्हंजे?"

"सारे म्हनतात मी दगड हाय. मी लय पाह्यलं आत. मले नाही समजत, मॅडम. त्याइचंच खरं असन तं?"

नवऱ्यासाठी झुरणारी बाई, आणि तिला झुरणं म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अमरावतीच्या दवाखान्यात कुणी ना कुणी ओळखीचं भेटणारच, म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. मनोविकाराच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी घाई केली नाही. पंख्याचा आवाज साधनाला त्रास देतोय हे ओळखून पंखा बंद केला, तेव्हाच मला त्यांचा भरवसा वाटला. शेवटी त्या म्हणाल्या, "मला तरी तसंच वाटतंय. पण ठामपणे सांगायचं तर तुम्ही लहानपणी कशा होत्या ते सांगणारं माणूस पाहिजे. आई?"

साधनाची आई तिच्या लहानपणीच वारली होती. वडीलही राहिले नव्हते. तिचं लहानपण पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, तिची सासू गोदाबाई. साधना तिच्या सख्ख्या भावाची लेक. आत्यानंच भाचीला सून करून आणलं होतं. "मग त्यांनाच घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. सोपं काम सांगितल्यासारखं.

गोदाबाई मुलगा गेल्यापासून सुनेशी बोलत नव्हती. दोघी एकाच घरात, मधे आचल निरोप्यासारखी. मी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. साधना दाराशी उभी होती. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले काय सांगता, मॅडम? हिची माय मेली तवा साऱ्यायनं म्हतलं, पोरगी रडली नाही. मी शोधली हिले. कुटाराच्या कोठ्यात, भुशाच्या ढिगामांगं, कानात बोटं घालून बसली होती, अंग तव्यावानी तापलं होतं. तवापासून मले माहीत हाय. म्हनून तं केली सून. दुसऱ्या घरी जगू देली असती का हिले?"

"मग हेच अकोल्याला येऊन सांगा ना!"

"नाही येत." तिनं पदर डोळ्यांना लावला. "ही आतून जळते, माहीत हाय मले. तरी बी माहा एकुलता एक लेक गेला, मॅडम. कोनीतरी माह्या गळ्यात पडून रडाले पाह्यजे होतं."

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

दोन घोट घेऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "अन् आचलले पाह्यलं का तुमी? चपला लावत होती थे? मायच्या नावाचा कागद निघाला का लेकीचं बी नाव निघते. हिले तं मी पदराखाली घेतली. आचलले आत्या हाय का कोनी?"

मी भांडले. काळ बदलला, मुलीचं आयुष्य सोपं होईल, वेळेवर कळलं तर शाळेत मदत मिळते, जे जे प्रशिक्षणात ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. मी चुकीचं काही बोलत नव्हते. म्हातारी मान हलवत राहिली. शेवटी साधनाच म्हणाली, "राहू द्या, मॅडम. नाही जात आता अकोल्याले." आणि आत निघून गेली.

त्यानंतर मी पुष्कळदा म्हटलं, आपण दोघीच जाऊ, डॉक्टर काहीतरी मार्ग काढतील. ती नुसती मशीन चालवायची. शिवायला फारसं काही नसायचं, तरी.

परवा दुपारी शाळेतून येऊन कुलूप काढत होते, तर साधनाच्या घरातून हेल काढून रडणं ऐकू आलं. गोदाबाई गेली, असं वाटून मी तशीच धावले. गोदाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

आत साधना उभी होती आणि आचल तिच्या गळ्यात पडून रडत होती. रडणं कसलं, कविता पाठ म्हणावी तसं, "माय वं, मले सोडून कुठी गेली वं." साधनाचे दात आवळलेले, मुठी वळलेल्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. तरी ती लेकीला ढकलत नव्हती.

"आवाज वर ने," ती सांगत होती. "अन् डोकं खांद्यावर ठेव." मग मी दिसले. "मॅडम, पाहा बरं, जमलं का हिले?"

"कोणासाठी चाललंय हे?"

"माह्यासाठी. मी मेल्यावर हिले कोनी दगड म्हनाले नाही पाह्यजे."

आचल रडायची थांबली. डोळे कोरडेच होते तिचे. आईच्या खांद्यावरून तिनं विचारलं, "मम्मी, सोडू का आता?"

"नको," साधना दातांवर दात धरून म्हणाली. "बाया लवकर सोडत नाहीत."