दगडाचा पत्ता

ही गोष्ट मी अजून कुणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, विहारातल्या बायकांजवळ नाही, आणि सुजाताजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ काढते आहे, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

सुजाता माझी धाकटी बहीण. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, एका लहानशा बंदराच्या गावात नर्स आहे. मीही नर्सच, पण इथे बालाघाटात. दोघींनी मिळून जायचं ठरलं होतं. मग एक दिवस कळलं, फॉर्म तिनं एकटीनंच भरला. आईजवळ कुणीतरी राहायला हवं ना, म्हणाली. खरंच होतं ते. पण मला विचारायचं तरी! तो राग मी कधी बोलून दाखवला नाही. आत ठेवला, आणि तो आत नासला.

आई जन्मभर बालाघाट जिल्ह्यातल्याच तिरोडीच्या खाणीत मँगनीज निवडायची. काळा, जड दगड. पाटीतून वाहून गाडीपर्यंत न्यायचा, की गाडी निघून जायची. तिला एकच कुतूहल होतं — "हा दगड जाते तरी कुठी?" सुजाता निघाली तेव्हा आई म्हणाली, "तिकडच्या लोकायले इचारजो." सुजाता म्हणाली, "हौ माय, पत्ता लावून देईन."

आणि तिनं लावला. मला वाटलं होतं, विसरेल. नाही विसरली.

एका रविवारी तिचा लांबलचक मेसेज आला, तिच्या आवाजात. गावात म्हणे उताराचा एकच मोठा रस्ता, खाली बंदराचा धक्का. दिवसातून दोनदा पाणी ओसरतं आणि होड्या चिखलात आडव्या पडतात. एकेकाळी तिथे जहाजांची रांग लागायची. कोळसा जायचा, कारखान्यांसाठी दगड यायचा. आता मोठं जहाज फिरकत नाही. माणसं अबोल, हवापाण्याचं बोलून पुढे जाणारी, पण जुनी वस्तू म्हणून काही टाकायची नाहीत. वजनकाट्याच्या जुन्या खोलीत त्यांनी छोटं म्युझियम केलंय. ते सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला एक फोटो शोधून दिला होता. जहाज, काळ्या दगडाचा ढीग, फावडी घेतलेले मजूर, आणि खाली शाईनं लिहिलेलं — बालाघाट. तो फोटोही तिनं मेसेजसोबत पाठवला होता. "ताई, आजच दाखव मायले," सुजाता म्हणत होती.

आईला वाचता येत नव्हतं, कानही गेले होते. सुजाताचे मेसेज मी ऐकायचे आणि आईसमोर बसून, ओठ मोठे हलवून सांगायचे. सगळं माझ्याच हातात होतं. मी मोबाईल पालथा ठेवला.

काहून? आईला रोज आंघोळ मी घालत होते. आणि तो फोटो पाहून ती नाव कुणाचं घेणार होती? एवढंच. एवढ्याशासाठी. उद्या दाखवू म्हटलं, मग पुन्हा उद्या. सुजाताला मात्र कळवून टाकलं — दाखवला.

आई विचारायची, "लागला का पत्ता?" मी मान हलवायचे. नाही. शेवटच्या आजारपणात एकदा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "बोलली होती ना ते. धोका देल्ला पोरीनं." तेव्हाही फोन माझ्या हातातच होता. मी तिची चादर सारखी केली. त्याच आठवड्यात आई गेली.

जलदान विधीच्या दिवशी सुजातानं फोनवर विचारलं, "ताई, फोटो पाहून माय काय म्हणे?" तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. मी म्हटलं, "म्हणे, हा त आपलाच दगड व्हय." सुजाता ढसाढसा रडली. बरं झालं, पाहून गेली, म्हणाली.

गेल्या महिन्यात म्युझियमच्या त्या गृहस्थांनी, सुजाताकडून हे ऐकून, जुन्या फोटोशेजारी आईचा फोटो लावला. खाली इंग्रजीत कार्ड आहे: तिरोडीच्या खाणीतल्या एका बाईनं हे चित्र पाहिलं आणि म्हटलं, हा तर आपलाच दगड. सुजातानं मला ते पाठवलं. शाळेची पोरं येऊन वाचतात म्हणे. त्या गावाच्या इतिहासात आता तेही आहे.

आई ते कधीच म्हणाली नाही. ती काय म्हणाली, ते मला एकटीला ठाऊक आहे.