दादांच्या गाडीचा खटका

शनिवारी आम्ही हैदराबादला निघतो आहोत. मी, माझे पती सिद्धोधन, आठ वर्षांची संबोधी आणि माझे वडील. वडिलांना मी दादा म्हणते, संबोधी आबा म्हणते. नाव भगवानराव, वय त्र्याहत्तर, रेल्वेतून निवृत्त. हैदराबादच्या बाहेर एक मोठा पार्क आहे. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आत बोटीतून फिरवतात ती गुहा. संबोधीच्या वर्गातली एक मुलगी तिथं जाऊन आली आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

घाबरायचं काम माझ्याकडे आहे. सिद्धोधन म्हणतात, "तुझं एम.ए. कशात झालंय, भीतीत का?" झालंय इतिहासात. पण गेल्या महिन्यात मी वहीची अकरा पानं भरली आहेत. आमच्या पूर्णा स्टेशनवर रेल्वे थांबते पाच मिनिटं, तेवढ्यात दादांना डब्यात चढवायचं. त्यांच्या बॅटरीच्या तीनचाकीची सीट काढायची, बॅटरी काढायची, तिन्ही भाग आत घ्यायचे. संबोधीचा हात कोणी धरायचा? दादांचं इन्सुलिन गरम झालं तर? पार्कात बॅटरी संपली तर? संडासाचं दार तीनचाकी जाण्याएवढं रुंद आहे का? मी पार्कवाल्यांना चार वेळा फोन केला. चौथ्या वेळी पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आप आइए तो सही." सगळं करता येतं, गाडी नेता येते, फक्त मधे दोन मोठे उतार आहेत, तेवढं जपा, असंही तो म्हणाला. बाकी सगळं विसरून मी वहीत 'उतार' हा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

दादांचे गुडघे पूर्ण गेले आहेत आणि शुगरमुळे पावलांना जमीन कळत नाही. आई गेली त्या वर्षी ते दोनदा घरातच पडले. मग सिद्धोधननी ही तीनचाकी आणली. पुढे एक चाक, मागे दोन, बसायला खुर्ची, हँडलच्या मधोमध चालू-बंद करायची किल्ली, आणि उजव्या बाजूला अंगठ्याखाली एक खटका. खटका दाबला की गाडी चालते, सोडला की आपोआप थांबते. यापेक्षा सोपं काही नाही, म्हणून तर मी हो म्हटलं होतं.

त्या गाडीनं दादा पुन्हा माणसांत आले. सकाळी विहारात जाणार, तिथून स्टेशनसमोर चहा, तिथं त्यांचे जुने जोडीदार महारुद्रकाका बसलेले असणार. संध्याकाळी संबोधीला पायाशी उभी करून कॉलनीत दोन फेऱ्या. "आबा मला पुढं उभी करून अख्खा पार्क फिरवणारेत," हे ती भेटेल त्याला सांगायची. दादाही मान हलवायचे. आयुष्यभर रेल्वेचा पास होता, पण त्या पासवर ते नागपूरला दीक्षाभूमीला गेले, मुंबईला चैत्यभूमीला गेले, लग्नांना आणि मयतीला गेले. मजा करायला म्हणून कुठे गेलेले मला आठवत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

मागच्या रविवारी माझी वही त्यांच्या हाती लागली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अकराही पानं वाचली.

"सुकेशनी, हे सगळं लिवून काय होनार? आमी नवा रूळ टाकला की त्याच्यावरून आदी रिकामी गाडी हळूहळू सोडायचो. मग पॅसेंजर. तू उताराला भ्यायलीस ना? मग चल, आज ट्रायल घेऊ."

"कुठं?"

"रुळाखालच्या भुयारी रस्त्यात. त्याच्याइतका उतार तुज्या पार्कात असंल तर मी नाव बदलतो."

मला ते पटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ट्रायलची कल्पना दादांची होती, पण मला ती पटली आणि संबोधीला गाडीवर उभी राहू नको असं मी म्हटलं नाही. रिकामी गाडी आधी, हे ते म्हणाले होते, आणि आम्ही दोघांनीही ते पाळलं नाही.

रविवार सकाळ, रस्त्याला गर्दी नव्हती. मी गाडीच्या शेजारून चालत होते. उतार सुरू झाला आणि मी म्हटलं, "दादा, इथं थांबवून दाखवा."

गाडी थांबली नाही.

"दादा, थांबा."

मला वाटलं ते मस्करी करत आहेत. संबोधी खिदळत होती, "आबा, अजून जोरात!" मग मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांचा डावा हात हँडल सोडून उजव्या अंगठ्याशी काहीतरी ओढत होता, निघत नव्हतं, मग तो हात किल्लीकडे गेला, पण तोल सावरायला संबोधीनं किल्लीवरच दोन्ही हात घट्ट आवळले होते. समोरून हळदीची पोती भरलेला टेम्पो भुयारात शिरला. मी पळत होते. माझी चप्पल निघाली. मी काय ओरडले ते मला माहीत नाही, सिद्धोधनना नंतर लोकांनी सांगितलं की मी आईला हाक मारत होते.

दादांनी गाडी भिंतीवर घातली. ठरवून घातली, ते मी पाहिलं. भिंतीला घासत घासत ती दहा-बारा फूट गेली आणि पुढचं चाक पाण्याच्या नालीत अडकून थांबली. दादांचा कोपर सोलला. संबोधीचा गुडघा फुटला. टेम्पोवाल्यानं ब्रेक लावून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, लायसन हाय का तुमच्याकडं?"

दादा हसले. त्या हसण्यानं मला जास्त भीती वाटली. मी खाली वाकून किल्ली फिरवली तेव्हा दिसलं. खटक्याभोवती आणि हँडलभोवती मिळून सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली होती. खटका कायम दाबलेला राहावा म्हणून. थांबायचं असेल तेव्हा डाव्या हातानं पट्टी सरकवायची, निघायचं असेल तेव्हा पुन्हा खटक्यावर आणायची, अशी ती सोय होती. ती पट्टी घामानं ओली होऊन चिकटली होती.

आम्ही घरी आलो. मी संबोधीचा गुडघा धुतला, दादांचा कोपर धुतला आणि मग विचारलं, "किती दिवसांपासून?"

त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"दादा, मी तुमाला विचारायलेय. हात किती दिवसांपासून बधिर हाय?"

"बधिर कामून म्हनायलीस? जरा मुंग्या येतात."

एका हातानं त्यांना ती पट्टी बांधता येणार नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून मी तशीच स्टेशनसमोर गेले. महारुद्रकाका बाकड्यावर बशीतून चहा पीत होते. मला बघताच त्यांनी बशी खाली ठेवली.

"तुमी बांधली ना ती पट्टी, काका?"

"बस आदी, बाई."

"माझी पोरगी होती त्या गाडीवर!"

"त्यानं शपथ घातली मला," काका म्हणाले. "दिवाळीपासून मीच बांधायलो, सैल झाली की परत. अंगठा कुठं हाय तेच त्याला कळना. मी म्हनलं, भगवान, लेकीला सांग. तर म्हनला, सांगितलं की ती मला ढकलखुर्चीत घालंल."

"मग? खुर्चीत बसलं तर काय बिघडतं?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रेल्वेवाल्याची मुलगीच नव्हे.

"तुजा बाप अकरा वर्षं ट्रॉलीमन होता, ठाऊक हाय का?"

ठाऊक होतं, पण शब्द म्हणून. काकांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. रुळावरून चालणारी चार चाकांची ट्रॉली, तिच्यावर बाक, बाकावर छत्रीखाली साहेब. इंजिन नाही. मागून दोन माणसं रुळावरून अनवाणी पळत ढकलणार. पूर्णा ते मिरखेल, मिरखेल ते परभणी, कधी थेट पेडगावपर्यंत. वैशाखात रूळ तव्यासारखा. उतार लागला की उडी मारून मागच्या फळीवर बसायचं, चढ आला की उतरून पळायचं.

"येकदा चढाला भगवानचा पाय रुळावरून सटकला," काका म्हणाले. "खडीवर गुडघ्यावर पडला. हाच गुडगा. तसाच उठून पळाला, कारन मी येकटा पडलो असतो. साहेब संत्रं खायलता. मानूस वाईट नव्हता, फोडी आमालाबी द्यायचा. पन त्यानं मागं वळून बगितलं न्हाई. त्याला वाटलं, ट्रॉली आपली आपन चालायली. त्या दिवशी भगवान म्हनला, रुद्र्या, मी मरंन पन दुसऱ्याच्या छातीच्या जोरावर बसून जानार न्हाई."

मग त्यांनी बशी उचलली, चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. "चुकी माजी हाय, बाई. पोरगी पुढं उभी राहती हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, सपाटीवर काय व्हतंय."

सोमवारी आम्ही दादांना परभणीला नेलं. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच शब्द होता, लकवा. डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, सुईनं टोचून पाहिलं. लकवा नाही म्हणाले. मानेतली नस दबली आहे आणि शुगरनं भर घातली आहे, फोटो काढावा लागेल, औषध लगेच सुरू करा. चार-पाच दिवसांनी प्रवास केला तर चालेल. "पण वाहन चालवायचं नाही, काका. बॅटरीचं नाही, कसलंच नाही."

सिद्धोधन म्हणाले, तिकिटं रद्द करू. मी दोनदा मोबाईल उघडला आणि बंद केला. रद्द केली असती तर माझी अकरा पानांची भीती एका झटक्यात संपली असती. पण मग दादांनी ओळखलं असतं की खरं बोललं की घरात बसावं लागतं. पुढच्या वेळी ते काय लपवतील, याची मला पार्कातल्या उतारापेक्षा जास्त भीती वाटली.

मंगळवारी मी त्यांच्यासमोर बसले.

"दादा, पार्कात खुर्ची मिळते. मी ढकलीन."

"नको."

"महारुद्रकाकांनी मला सगळं सांगितलं."

"त्याच्या तोंडाला कुलूप न्हाई." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तुला दम लागतो जिना चढताना. मला दिसत न्हाई का? मी बसनार आन् माजी लेक मागनं धापा टाकनार. लोक बगतील."

"लोक बघू देत. तुमी मागं वळून बघा."

हे मी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर वाटलं, चुकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते उजव्या हातानं पुसायला घेतलं, हात गालाच्या बाजूनं निघून गेला. मग डाव्यानं पुसलं.

"चढाला मी उतरनार," ते म्हणाले.

"उतरून चालणार कशानं? गुडघ्यांनी?"

"मग चढाला सिद्धोधन ढकलंल. तू न्हाई."

"बरं."

"आन् पोरीला मी सांगनार. तू मदी पडू नको."

हे मला सर्वांत अवघड वाटत होतं. दोन दिवस त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, पण रात्री दोनदा उठून त्यांच्या खोलीत डोकावले, श्वास चालू आहे ना ते पाहिलं. आज गुरुवार. शाळेतून आल्यावर त्यांनी संबोधीला हाक मारली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"संबोधी, मी तिथं गाडी चालवनार न्हाई. गाडी घरीच राहनार."

"का? माझा गुडघा बरा झाला, आबा. हे बघा."

"तुजा बरा झाला. माजा हात बरा न्हाई. मी सांगतो ते तो ऐकना. त्या दिवशी तू पडलीस ते माज्यामुळं. मी तुज्या आईपासून लपवलं होतं."

तिनं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मला वाटलं रडेल. "मग मी कुठं उभी राहू?"

"खुर्चीच्या बाजूनं चालायचं. माजा हात धरून. पन हा डावा धरायचा. उजवा धरलास आन् गर्दीत सुटलीस तर मला कळनार न्हाई."

संबोधीनं त्यांचा उजवा हात उचलून उलटसुलट पाहिला. "खरंच कळत नाही? डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. तिनं मधलं बोट धरलं.

"कोणतं?"

"अंगठा."

"चूक. आता?" तिनं अंगठा दाबला.

"अंगठा."

"बरोबर! आता?"

तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. हाताला तिचा स्पर्शच नव्हता. दादांनी कपाळाला आठ्या घालून बराच वेळ विचार केला.

"करंगळी," ते म्हणाले.

ती हसली नाही. माझ्याकडे पाहिलं तिनं. मग खुर्चीला वळसा घालून ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, त्यांचा डावा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "डोळे उघडा, आबा. मी इकडे आहे."