लायलनंतरचा घोट

हुल्डा ब्रोकमायरला आमच्या मंडळीत कुणी कधी प्रेमळ बाई म्हटलं नाही, आणि ती गेली म्हणून मीही आता म्हणणार नाही. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात तिचं राज्य होतं. कुणाचीही माती झाली की नंतरचं जेवण तिच्या हातचं: हॅमचे सँडविच, व्हिनेगर घातलेलं बटाट्याचं गरम सॅलड आणि झोप उडवणारी कॉफी. बटाटे जाड कापले म्हणून तिने माझ्या सासूला सगळ्यांदेखत सुरी खाली ठेवायला लावली होती. सगळे तिला काकू म्हणायचे, पण त्यात लाडापेक्षा धाकच जास्त होता.

तिचा एकुलता एक मुलगा ड्वेन. कापणीच्या तोंडावर, भर दुपारी, आमच्या शिवाराजवळ दोन कच्चे रस्ते मिळतात तिथे लायल हेम्मेने त्याच्या गाडीवर ट्रक घातला. मका उभा असला की त्या नाक्यावर पलीकडचं दिसत नाही, म्हणून नेब्रास्कातली पोरंसोरंसुद्धा तिथे थांबून पुढे जातात. लायल थांबला नाही, कारण लायल प्यायलेला होता. ड्वेन जागच्या जागी गेला आणि लायल तुरुंगात गेला.

मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला बोलायचं? ड्वेनही काही संत नव्हता. चर्चचं नाव काढलं की उठून चालायला लागायचा. त्या सकाळीही मायलेकांचं कडाक्याचं वाजलं होतं. काकू म्हणाली, "या रविवारी तरी चल." तो म्हणाला, "तुझा देव तुलाच लखलाभ." आणि दार आपटून गेला. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही कांदे कापताना, म्हणजे डोळ्यांना पाणी का आलं हे विचारायची सोय नको.

लायल सुटून आला तेव्हा त्याची फुप्फुसं कामातून गेलेली होती. बहिणीच्या घरी मागच्या खोलीत पडून असायचा. हिवाळा काढेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. बाकी त्याला काही नको होतं. मरायच्या आधी एकदा वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यावं, येशूच्या नावाने दिलेला भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला द्राक्षारसाचा घोट, एवढंच त्याच्या मनात होतं.

आमच्यात प्रभुभोजन घ्यायचं तर आदल्या दिवसांत पाळकसाहेबांच्या घरी जाऊन नाव सांगावं लागतं. लायल गेला, टोपी हातात घेऊन. पास्टर विटरोक तेव्हा नवीन होते, वयाने लहान, स्वभावाने गरीब. त्यांनी स्वतः काही ठरवलं नाही, चर्चच्या पंचांवर सोडलं. आणि पंचांचा म्होरक्या म्हणजे आमचा एर्विन टोलमान, गुरांच्या पेंडीचा दुकानदार. एर्विन वाईट माणूस नाही, बर्फ पडलं की न सांगता विधवांची अंगणं साफ करून देतो. पण पोत्यांसारखी माणसंही थप्पीला नीट लागलेली हवीत त्याला. पंचांनी ठरवलं की लायलने हिवाळा सरल्यावरच्या ईस्टरपर्यंत थांबावं. दारूपासून लांब राहतो का, दर रविवारी येतो का, ते बघू. शिवाय हुल्डाच्या मनाचाही विचार करायला हवा.

हे मीच तिला सांगितलं. मला वाटलं, बाईला बरं वाटेल. तिने हातातलं भांडं ओट्यावर आदळलं आणि एप्रन न सोडता पंचांच्या खोलीकडे निघाली. मीही मागे गेले. असा तमाशा चुकवणाऱ्यातली मी नव्हे.

"माझ्या मनाचा विचार करायला तुम्हाला कुणी सांगितलं?" दारातूनच तिने विचारलं.

एर्विन उठून उभा राहिला. "काकू, आधी बसा तरी."

"बसायला नाही आले. लायलला नाही म्हणालात?"

"नाही म्हणालो नाही. थांब म्हणालो. माणसाने काही करून तर दाखवावं."

"काय करून दाखवावं? ईस्टरपर्यंत जगून?" ती म्हणाली. "तू काय करून दाखवलं होतंस रे? तुला पहिल्यांदा प्याला मिळाला तेव्हा माझ्या मळ्यातली कलिंगडं चोरायचास. चोरून वर अर्धी कच्ची टाकून जायचास."

पाळकसाहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकून मारून नेलं. मग म्हणाले, "काकू, पश्चात्ताप खरा आहे की नाही, एवढं तरी बघायला नको का?"

"तुम्ही विचारलंत त्याला?"

"विचारलं."

"मग काय म्हणाला?"

"बोलता येईना त्याला. रडला."

"मग आणखी किती भिजायला हवाय तो तुम्हाला?"

एर्विनचा चेहरा पडला होता. त्याला बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं, ज्या बाईसाठी आपण दार लावलं तीच लाथ का मारतेय. तो हळूच म्हणाला, "म्हणजे काकू, तुम्ही त्याला माफ केलंत?"

"मी? नाही. त्याचं तोंड दिसलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्या टेबलाशी आला असता तर मी त्याला पावाचा कोरडा तुकडा दिला नसता. पण प्रभूचं ते टेबल माझं नाही, एर्विन, आणि तुझंही नाही. लहानपणी उभं राहून घोकलंय ना आपण, कृपेने तारण होतं, कर्माने नाही? का ते नुसतं पाठांतर होतं?"

मला वाटलं, झालं. पण ती टेबलाजवळ गेली आणि दोन्ही हात टेकून उभी राहिली. आवाज खाली आला होता.

"माझा ड्वेन दार आपटून गेला तो गेलाच. त्याला सुधारायला ईस्टर मिळाला नाही. संध्याकाळसुद्धा मिळाली नाही. माणसाने आधी सुधारायचं आणि मग देवाने त्याला जवळ घ्यायचं, असा कायदा असेल तर माझं पोर आज कुठे आहे ते मला सांगा. लायलला दार लावताय ना, मग ते ड्वेनलाही लागतं. सांगा तोंडावर."

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली आली आणि माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय? बटाटे उकळून गेले असतील."

पंचांनी मग मधला रस्ता काढला. असल्या वेळी त्यांना तो बरोबर सापडतो. लायलने यावं, पण सगळ्यांचं झाल्यावर, एकट्याने. त्याचं कारण असं की आमच्यात प्याला एकच असतो. कठड्याशी रांगेने गुडघे टेकायचे आणि पाळकसाहेब तो एकामागून एकाच्या ओठांना लावत जातात. घराण्यांच्या जागाही ठरलेल्या. लायलच्या मागून त्या प्याल्याला ओठ कोण लावणार? पंचांनी त्याच्या खोकल्याचं निमित्त पुढे केलं. त्याचा आजार दुसऱ्याला लागणारा नाही, हे डॉक्टर सांगून थकले होते.

त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. एरवी ख्रिसमसलाच उगवणारे चेहरेही हजर होते. आमच्या रांगेची पाळी आली तेव्हा मी उठले. काकू बसूनच होती.

"काकू, आपली पाळी," मी पुटपुटले.

"तुझी असेल. जा."

मी गेले, परत आले, ती तशीच समोर बघत बसलेली. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. ब्रोकमायरांची बाई कठड्याशी गेली नाही, असं कुणाच्याही आठवणीत झालं नव्हतं. सगळे घेऊन बसले. मग लायल उठला आणि बाकांचा आधार घेत पुढे निघाला. अंगावरचा कोट बहिणीच्या नवऱ्याचा होता, खांद्यांवरून ओघळणारा. अख्खा कठडा रिकामा असूनही त्याने टोकाची जागा धरली.

तेव्हा काकू उठली. तिच्या टाचांचा आवाज सगळ्या चर्चने ऐकला. इतकी जागा मोकळी असताना ती लायलला खेटून गुडघ्यांवर बसली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. त्याने पाहिलं, आणि मान खाली घातली.

पाळकसाहेबांनी दोघांना भाकर दिली. मग प्याला लायलच्या ओठांना लावला. थोडा द्राक्षारस त्याच्या हनुवटीवर सांडला. दर वेळी प्याला पुसून, थोडा फिरवून पुढच्याला द्यायची आमची पद्धत आहे. पाळकसाहेबांनी फडकं उचललं, तोच काकूने त्यांचं मनगट धरलं. प्याला तसाच ओढून घेतला आणि लायलचे ओठ जिथे लागले होते तिथेच तोंड लावून ती प्यायली. मी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा मऊ वगैरे अजिबात झालेला नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर लायलने तिला गाठलं. "काकू, तुमचे उपकार मी कसे..."

"माझे कसले उपकार? मी तुला माफ केलेलं नाही, लायल. गळ्याला मफलर गुंडाळ, वारा बोचरा आहे. पुढच्या महिन्यात परत ये."

तो आला. अंगात त्राण होतं तोवर येत राहिला, आणि दर वेळी ती त्याच्यानंतरचा घोट घ्यायची. हळूहळू इतरही तिच्या पलीकडे येऊन बसायला लागले, आधी पाळकसाहेबांची बायको, मग मी. लायल ईस्टरच्या आधी गेला. मातीनंतरचं जेवण काकूनेच केलं, आणि बटाटे नेहमीसारखेच पातळ कापले.

जेवणाच्या रांगेत एर्विन ताट घेऊन तिच्यासमोर आला. माणूस मनापासून बोलत होता. "काकू, शेवटी तुम्ही त्याला माफ केलंत. फार बरं झालं."

"कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली. "अजून नाही जमलेलं मला. म्हणून तर कठड्याशी जाते मी, एर्विन. तू कशाला जातोस?"

तिने त्याच्या ताटात आणखी एक डाव सॅलड वाढलं आणि त्याच्या मागच्याला पुढे बोलावलं.