अष्टमीची पाऊणपट

बाबांचं बालपण कोकणात, खाडीच्या काठावर गेलं. भरतीची वेळ काढायला त्यांना कधी तक्ता लागला नाही. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, मग बारापर्यंत ओहोटी. हे गणित मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं होतं.

आई ॲडलेडजवळ मॉसन लेक्सला माझ्याकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आली आणि चौथ्या महिन्यात गेली. बाबा धावत आले. त्यांना अस्थी घरच्या खाडीत सोडायच्या होत्या. मी म्हणाले, "कागदपत्रांची फार कटकट असते, बाबा. समुद्र काय, सगळा एकच." कटकट होती, पण इतकीही नव्हती. माझी रजा संपत आली होती आणि मला सगळं उरकून टाकायचं होतं. तेव्हा हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. बाबांनी एकच अट घातली. नदी समुद्राला मिळते तिथे जायचं आणि वेळ ते काढणार. "ओहोटीलाच सोडायचं," ते म्हणाले. "नाहीतर ती परत आत येते."

ॲडलेडच्या दक्षिणेला एक नदी आहे. चिखलातून वळणं घेत येते, वाळूच्या टेकड्यांमागे बराच वेळ घुटमळते आणि दगड फेकला तर पलीकडे जाईल एवढ्याशा तोंडातून समुद्रात शिरते. समुद्र असा गार, की सप्टेंबरात पाय घातला तर नडग्या ठणकतात. अष्टमीला सकाळी नऊला आम्ही तिथे उभे होतो. निघताना मी फोनवर भरतीचा आलेख पाहिला होता. रेघ जवळजवळ सरळच होती. पण दहा दिवसांत बाबा पहिल्यांदाच काही ठामपणे बोलत होते. ॲप बिघडलं असेल, असं म्हणून मी गप्प बसले.

इथे अस्थी म्हणजे हाडं नसतात. प्लास्टिकच्या डब्यात बारीक दळलेली पूड देतात. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी डबा रिकामा केला. पूड कुठेच गेली नाही. त्यांच्या पायांभोवतीच तळाशी बसली. पाणी नितळ होतं, पांढरा थर स्वच्छ दिसत होता. बाबांनी हाताने पाणी समुद्राकडे ढकललं. पुन्हा ढकललं. मला ते बघवेना.

काठावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "डॉज टाइड, मेट. नथिंग्ज मूव्हिंग टुडे." इथल्या आखातात कधीकधी असा दिवस येतो म्हणे, भरती नाही की ओहोटी नाही, पाणी जागच्या जागी. मी ते बाबांना सांगितलं.

"असं कसं होईल? अष्टमीच आहे ना आज?"

"हो, बाबा."

"मग थांबू या. ओढ लागेल."

बारा वाजले तरी ते पाण्यातच. ओठ काळेनिळे पडले होते. शेवटी मी ओरडले, "बाबा, पुरे झालं! बाहेर या!" आई तिथेच, त्यांच्या पायाशी होती, आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. त्याची लाज अजून गेलेली नाही.

गाडीत ते एवढंच म्हणाले, "उद्या मला विमानावर सोडलंस की येऊन बघ. गेली का ते."

"येते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवरून मी थेट हॉस्पिटलला, शिफ्टला गेले. वेळ काढता आला असता. पांढरा थर तसाच दिसला तर काय करायचं, या भीतीने नाही गेले.

मुंबईला उतरल्याबरोबर त्यांचा फोन आला. "गेली?"

"गेली, बाबा."

"ओहोटी कधी लागली?"

नवमी होती. नवाची पाऊणपट मी मनातल्या मनात केली. "पावणेसातनंतर. मी पोचले तेव्हा चांगली ओढ होती."

पलीकडे त्यांनी श्वास सोडला. "बघ," ते म्हणाले, "तिकडेही जमतं आपलं गणित. मग सापडेल तिला वाट."