बाबांना सांगायचं की नाही

यवतमाळच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. समाजांची तुलना करणारा एक सिद्धांत अभ्यासक्रमात आहे. काही समाजांत माणूस आपले निर्णय स्वतः घेतो, काहींत घर घेतं. आपला देश दुसऱ्या बाजूला झुकलेला, असं मी मुलांना सांगत आले.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना पोटाचा कॅन्सर निघाला. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, राळेगावला दादाकडे राहायचे. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा मला म्हणाला, "बाबाले सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं." डॉक्टरांनीही रिपोर्ट त्याच्याच हाती दिला होता. मला त्याचा राग आला नाही, आणि ते त्या सिद्धांतामुळेच. बाबांचं दुखणं त्याच्या लेखी घराचं होतं, आणि घरातर्फे ते त्यानं अंगावर घेतलं होतं.

पुढे एकदा दादा शेतात गेलेला असताना बाबांनी मला जवळ बसवलं.

"खरं सांग बेटा. हे अल्सर नाही ना?"

"काहून विचारून राह्यले, बाबा?"

"महागावले तुई आत्या आहे. तिले मले सोताच सांगायचं आहे. दुसऱ्याच्या तोंडून कळलं त तिले सोसणार नाही."

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं."

यांना मी कुठल्या गटात बसवणार होते? आपलं मरण त्यांना स्वतःच्या हातात हवं होतं, आणि तेही बहिणीसाठी. सिद्धांत अख्ख्या देशाची सरासरी सांगतो. आमच्या एका घरातले बाप-लेकही त्यात मावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना महागावला नेलं. भाऊ-बहीण ओसरीवर हळू आवाजात बोलत होते, मी आत भाकरी करत होते. थोड्या वेळानं आत्या आत आली. माझ्या हातातला पिठाचा गोळा तिनं काढून घेतला आणि डोळे पुसत स्वतःच थापू लागली.

पोळ्याच्या आधी बाबा गेले. तेरवीच्या दिवशी दादा एवढंच बोलला, "तू सांगितलं अन् ते खचले. आणखी जगले असते."

मी वाद घातला नाही. त्याचं खरंही असेल.

भाऊबीजेला त्याचा फोन आला नाही. मीच केला. वहिनीनं उचलला. "ते झोपले," ती म्हणाली. मागे दादाचा खोकला ऐकू येत होता.