लेकीच्या लग्नात मी गप्प बसलो

मला राग येतो आणि तो लगेच येतो. हे मी लपवत नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला त्याचा अभिमानच होता. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी परत आलो, ते घड्याळ बघायची सवय घेऊनच. दवाखान्यात कुणी नंबर सोडून आत घुसायला लागला, की मी उठलोच. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेले रुमाल मी उचलून मालकांच्या हातात दिलेले आहेत. ग्रामसभेला दीड तास उशिरा येणाऱ्यांना दारातच वेळ सांगितलेली आहे. लोक मागनं 'मिरची' म्हणायचे. म्हणू देत, मला चालायचं.

घरातही तेच. चहा कोमट झाला, पेपरची घडी विस्कटली, दारात चपला आडव्या पडल्या, टीव्हीचा आवाज मोठा झाला, प्रत्येक गोष्टीला माझा आवाज चढलेला. बायकोचं त्यावर एकच उत्तर. "आवं, आसू द्या की." अठ्ठावीस वर्षं मी हे ऐकत आलो, आणि माझा पक्का समज झाला होता की या बाईला रागच येत नाही. काही माणसं थंड असतात, त्यातलीच ही, असं मी चारचौघांत सांगायचोसुद्धा.

माझ्या तोंडानं एकदा घात केलाच. पुतण्याच्या साखरपुड्यात पाव्हणे दोन तास उशिरा आले आणि मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. ते लग्न मोडता मोडता वाचलं. भाऊ त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्यामुळं गेल्या वर्षी आमच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना पहिली काळजी माझीच होती.

स्थळ आटपाडीकडचं. मुलगा चांगला, पुण्यात नोकरीला, आमच्या लेकीसारखाच. तिचे सासरे मात्र गावच्या राजकारणात मुरलेले. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांनी तालुक्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांना पत्रिका दिल्या होत्या. आदल्या दिवशी बायकोनं मला समोर बसवलं.

"उद्या कायबी होऊ द्या, तुमी तोंड उघडायचं न्हाई. लेकीला त्या घरात जायाचं हाय. तुमच्या एका शब्दानं तिला जल्मभर ऐकून घ्यावं लागंल. घ्या लेकीची शपथ."

मी शपथ घेतली.

मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा होता. सव्वाबाराला नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली, मध्ये अंतरपाट धरला, लोकांच्या मुठीत अक्षता आल्या. आमच्याकडं मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टका चालू असेपर्यंत ती आत तुळशीला पाणी घालत राहते. त्याप्रमाणे बायको तांब्या भरून कार्यालयाच्या स्टेजमागच्या खोलीत गेली. तिथं कुंडीतली तुळस आणून ठेवली होती.

निवेदकानं माईकवर सांगितलं, "आता मंगलाष्टकांना प्रारंभ होत आहे." भटजींनी घसा साफ केला. तेवढ्यात दारात गाड्या थांबल्या. निवेदक म्हणाला, "एक मिनिट, एक मिनिट. आदरणीय साहेबांचं आगमन झालेलं आहे. साहेबांनी वधूवरांना शुभाशीर्वाद द्यावेत ही विनंती." साहेब बोलले. वधूवरांबद्दल एक वाक्य आणि पाण्याच्या योजनेबद्दल वीस. ते संपलं, पुन्हा "प्रारंभ होत आहे", पुन्हा भटजींचा घसा, आणि पुन्हा गाड्या. आता दुसरे साहेब. पहिले बोलले तर दुसऱ्यांना बोलू द्यायलाच पाहिजे. मग तिसरे.

एक वाजला. पत्र्याखाली माणसं नुसती उकडत होती. माझी मावशी पंच्याऐंशीच्या घरातली, ती खांबाला धरून उभी. लेकीच्या हातातला हार जड होता. ती तो या हातातून त्या हातात घेत होती. माझ्या कानशिलांवरची शीर उडायला लागली. भावानं, त्याच भावानं, येऊन माझा दंड धरला आणि म्हणाला, "आज न्हाई रं. आज गप ऱ्हा." मी दात आवळून उभा राहिलो. फौजेत असताना बर्फात ड्युटी केली, ती याच्यापेक्षा सोपी होती.

चौथे पाव्हणे माईकपाशी आले, आणि स्टेजमागचं दार उघडलं.

बायको बाहेर आली. हातात रिकामा तांब्या. भरजरी साडीच्या निऱ्या ओल्या झालेल्या. दर वेळी "प्रारंभ होत आहे" ऐकून ती बिचारी पाणी घालायला लागत होती, तांब्या संपला की पुन्हा भरून आणत होती. सगळा मांडव तिच्याकडं वळून बघायला लागला, कारण मुलीच्या आईनं त्या वेळी बाहेर यायचंच नसतं. ती सरळ माईकपाशी गेली. लेकीकडं बघायचं नाही म्हणून तिनं बोहल्याकडं पाठ केली आणि लोकांकडं तोंड करून बोलायला लागली.

"साहेब, तुमा सगळ्यांचं आशीर्वाद पोरांना पावलं. पर माणसं तासभर हुबी हायती. म्हाताऱ्यांच्या मुठीत अक्षता घामानं भिजल्या. तिकडं मी पाणी घालून घालून तुळस कुजवायला लागले. तुमी जेवाय बसा, मी सोता वाढते, तवा काय बोलायचं ते बोला. आता ह्यो माईक भटजींचा हाय. भटजी, म्हणा."

तिनं माईक भटजींच्या हातात दिला आणि आली तशी आत गेली. लेकीकडं एकदाही वळून बघितलं नाही.

मी व्याह्यांकडं बघितलं. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. मी शपथ पाळली आणि व्हायचं ते झालंच, असं मला वाटलं. पण त्याच वेळी माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू. ती माझी बायको आहे हे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि मला तर बोलायची बंदी होती. भटजींनी मात्र वेळ घालवला नाही. पाच मिनिटांत लग्न लागलं.

जेवताना तिनं खरंच चौघांनाही आग्रह करकरून वाढलं. चौथे साहेब, ज्यांचं भाषण राहिलं, तेच सगळ्यात जास्त जेवले. व्याही मात्र पानातलं नुसतं चिवडत होते. बायको त्यांच्यासमोर बुंदी घेऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"ताई, सून तुमच्यावर गेलीया का?"

"व्हय," बायको म्हणाली.

त्यांनी ताट पुढं केलं. "मंग आमाला घरात भाषण बंद करावं लागणार." त्यांच्या शेजारी बसलेली आमची विहीणबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हा कुठं मीही हसलो.

पाठवणी झाली. ऊन उतरलं, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले. बायको दिवसभरात पहिल्यांदा जेवायला बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"तुला एवढा राग येतो, मला कवा कळलंच नाही," मी म्हणालो. "अठ्ठावीस वर्षं कुठं ठेवला होतास?"

तिनं शांतपणे घास गिळला.

"घरातला सगळा राग तुमीच करत आलाय," ती म्हणाली. "आज पयल्यांदा तुमी गप बसला, तवा माझी पाळी आली."

मी वाटी पुढं ओढली आणि तिला आमटी वाढली.