दोन वाजेपर्यंतचा माणूस

अर्धवेळ नोकरीला अर्धा पगार मिळतो, असं ज्याला वाटतं तो भला माणूस आहे आणि त्याने सरकारी ऑफिसात अर्धवेळ काम केलेलं नाही. मी केलेलं आहे. हिंगोली जिल्हा नवा नवा झाला तेव्हा नियोजनाच्या एका ऑफिसात मी अर्धवेळ आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. माझ्या खुर्चीत पूर्णवेळ माणूस बसला असता तर त्याला मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, दरवर्षीची वाढ, आजारपणाची रजा आणि म्हातारपणी पेन्शन मिळालं असतं. या सगळ्याची बेरीज करून नेमका अर्धा भाग मला दिला असता, तर मी ऑफिसच्या पायरीवर नारळ फोडला असता. मला मिळायचं ठोक मानधन. महागाई वाढली की बाकीच्यांचा भत्ता वाढायचा. माझ्या घरी महागाई येतच नाही, असा सरकारचा समज होता.

मी कनेरगाव नाक्याहून एसटीने यायचो. एकदा कंडक्टरला नेमणुकीच्या आदेशाची झेरॉक्स दाखवून अर्धं तिकीट मागितलं. त्याने कागद शेवटपर्यंत वाचला आणि शांतपणे म्हणाला, "मालक, अर्धे हिंगोलीत उतरा, अर्धे गाडीतच ऱ्हावा." सगळी गाडी हसली. मीही हसलो आणि पूर्ण तिकीट काढलं.

आदेशाप्रमाणे माझी वेळ दहा ते दोन. हजेरीपटावर सकाळच्या रकान्यात मी सही करायचो. दुपारच्या रकान्यात बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, पट्टी लावून लाल शाईने रेघ मारायचे. ती रेघ मारताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं, की देवाला गंध लावणाऱ्याच्या चेहऱ्यावरही मी ते पाहिलेलं नाही. रेघ मारून झाली की तेच बाबू सांगायचे, कळमनुरीचा नकाशा संध्याकाळपर्यंत पाहिजे. मग मी सहा वाजेपर्यंत नकाशा काढायचो. रोज. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं: रस्ते, शाळा, दवाखाने, हातपंप, प्रत्येकाचा वेगळा नकाशा, प्रत्येकाच्या चार प्रती. प्रती काढायचं यंत्र माझ्या टेबलामागे होतं. त्यातल्या अमोनियाने डोळे झोंबायचे आणि डबा उघडला की वरणालाही तोच वास यायचा. पलीकडे बाबूंची गुटखा थुंकायची बादली. दुपारभर मी त्या दोन वासांच्या मधोमध बसून, कागदोपत्री हजर नसताना, जिल्ह्याचा विकास करायचो.

वर्गणीला मात्र मी अख्खा माणूस होतो. निरोप समारंभ असो, चहाचं महिन्याचं बिल असो की साहेबांच्या मुलीचं लग्न, बाबू यादी घेऊन यायचे. एकदा मी म्हणालो, माझी अर्धी लिहा. ते म्हणाले, "वर्गणीत भेदभाव न्हाई, सगळे बराबर." असा समतेचा विचार मी त्या ऑफिसात दुसऱ्या कुठल्याही बाबतीत ऐकला नाही. मला त्या माणसांची शिसारी यायची ती अशा वेळी. चिडून बोलले असते तर चाललं असतं; ते प्रेमाने बोलायचे.

मग एक दिवस पत्र आलं. कामाचं मोजमाप करून, गरज दिसली तर आरेखकाचं पूर्णवेळ पद मंजूर होणार होतं आणि जो आत्ता काम करतो त्याचाच विचार आधी होणार होता. पुढच्या चैत्रात मी वयाची अट ओलांडणार होतो. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. मी बायकोला सांगितलं. तिने देवापुढे काही ठेवलं नाही, फक्त शिवणाची दोन कामं परत केली आणि म्हणाली की आता डोळ्यांना जरा आराम देते. तिची एवढी घाई पाहून मला धास्ती वाटली.

मोजमापाचा तक्ता भरायचा होता आणि ऑफिसात अक्षर फक्त माझं चांगलं. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. वर्षभरात काढलेले नकाशे: खूप. आरेखकाला रोज लागणारे तास: इथे माझा पेन थांबला.

साहेबांनी विचारलं, "हजेरीपटावर किती आहेत?"

"चार."

"मग चार लिहा. आठ लिहिलं तर चार तास फुकट राबवलं म्हणून माझ्या अंगावर येईल."

मी चार लिहिलं, फार सुंदर लिहिलं. तक्त्याचा अर्थ सरळ होता: जिल्ह्याचं सगळं काम अर्ध्या दिवसात उरकतं, पूर्णवेळ माणूस लागतो कशाला. माझ्या सगळ्या दुपारी माझ्याच विरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या होत्या.

तपासणीला औरंगाबादहून एक अधिकारी येणार होते, तीन आठवड्यांनी. मी ठरवलं, तक्ता खरा करून दाखवायचा. दुसऱ्या दिवसापासून दोनच्या ठोक्याला पेनाला टोपण. बाबू म्हणाले, "काहून निघाले? तब्येत बराबर न्हाई का?" मी म्हणालो, तब्येत ठणठणीत आहे, फक्त माझी वेळ संपली. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात रंगलेलं नाटक होतं. पाचच्या एसटीपर्यंत मी स्टँडवर बाकावर शेंगा खात बसायचो. टेबलावर नकाशांचा ढीग वाढत होता, साहेब त्याच्याकडे न बघता जात होते आणि मी रोज सकाळी त्या ढिगाला डोळा मारत होतो.

अधिकारी आले. ढीग पाहून त्यांनी विचारलं, इतकं काम पडून का? साहेब छताकडे बघू लागले. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते म्हणाले, वसमत तालुक्याचा रस्त्यांचा नकाशा मला संध्याकाळी सोबत न्यायचाय. तो निम्मा झाला होता. दोन वाजले. मी टोपण लावलं, उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, माझे दोन वाजले." अधिकाऱ्यांनी पुन्हा वही उघडली. मी दारात चपला घालत होतो आणि जिंकलो होतो.

तेवढ्यात साहेबांची अब्रू वाचवायला बडे बाबू माझ्या खुर्चीत बसले. गुटख्याने माखलेली बोटं त्यांनी ट्रेसिंग पेपरवर ठेवली आणि नकाशातल्या हट्टा गावावर अंगठ्याएवढा तपकिरी डाग पडला. डाग पुसायला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि चोळलं. ओल्या शाईचा रस्ता हट्ट्यातून फरफटत पूर्णा नदीपर्यंत गेला. मी चपला काढल्या, बाबूंना उठवलं, ब्लेडने डाग खरवडला आणि बसलो. वसमत झाल्यावर ढिगातले अजून तीन उरकले, कारण हात चालू लागला होता. सहा वाजता मान वर केली तेव्हा अधिकारी समोर उभे होते. त्यांनी नकाशा उजेडात धरला, मनापासून खूश झाले आणि साहेबांना म्हणाले, "अशी माणसं असल्यावर तुम्हाला पद कशाला पाहिजे?" दोघेही हसले. मला त्यांनी अर्धा चहा दिला, बशीतून.

महिन्याने पत्र आलं, सध्याची व्यवस्था समाधानकारक आहे म्हणून. त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे करूनच दाखवलं: साहेबांचं छत, बाबूंची जीभ, माझं टोपण. पोरं हसून लोळली. ती हसली नाही.

"दारात गेला व्हता तुमी," ती म्हणाली. "मग बसलात काहून?"

मी म्हणालो, हट्ट्यावर डाग पडला होता.

तिने मशीनवरचं फडकं काढलं, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हट्ट्यात आपलं कोन हाय?"